क्वेश्चन मार्क कुठं गेला?

तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती कुणाकडे आहे? आईकडे? बेस्ट फ्रेंडकडे? की रात्री दीड वाजता तुम्ही काय सर्च करता, हे ठाऊक असणाऱ्या गुगलकडे? मला विचाराल तर या लिस्टमध्ये आणखी एक नाव टाका: तुमची हेल्थ इन्शुरन्सची फाइल. नोकरीला लागलात तेव्हा एचआरने एक कार्ड दिलं होतं, आठवतंय? आपण त्याच्यावरचं स्वतःच्या नावाचं स्पेलिंग बघितलं आणि विषय संपवला. पण त्या कार्डापलीकडे कुठल्या तरी सर्व्हरवर आपली एक मेडिकल कुंडली तयार होत असते. आणि कुंडलीचं जे असतं तेच हिचंही. मांडणारा घाईत असेल तर ग्रह भलत्याच घरात जाऊन बसतात.

आमच्या घरात असा एक ग्रह बसला होता. चांगला कॅन्सरचा.

माझी आत्ती (म्हणजे आत्या, पण कोल्हापुरात आत्या म्हटलं की माणूस पाहुणा वाटतो) शाळेतून रिटायर झालेली. शिवाजी पेठेत राहते, पहाटे रंकाळ्याला फेरी मारते आणि पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवते. पेन्सिलने नाही. २०२३ साली तिच्या डाव्या छातीत गाठ लागली. सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, फिल्मवरून सांगता येत नाही, गाठ काढू आणि तपासायला पाठवू. एका दिवसाचं ॲडमिशन, कॅशलेस, संध्याकाळी घरी. पुढचे आठ दिवस घरात कुणी मोठ्याने टीव्हीसुद्धा लावला नाही.

रिपोर्ट आला. फॅट नेक्रोसिस. म्हणजे कधी तरी मार लागतो, तिथल्या चरबीच्या पेशी मरतात आणि जागा टणक होते. हाताला कॅन्सरसारखी लागते, फिल्मवरही कधी कधी तशीच दिसते, पण ती कॅन्सर नसते. काही महिन्यांपूर्वी लोखंडी कपाटाचं दार छातीवर आदळलं होतं, हे आत्तीला तेव्हा आठवलं. त्या रविवारी घरी तांबडा-पांढरा झाला आणि विषय मिटला.

म्हणजे आम्हाला तसं वाटलं. २०२५ मध्ये आत्तीने पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचं ठरवलं. मोबाइल नंबर पोर्ट करतो तसं. फॉर्म भरला, कागद दिले. थोड्याच दिवसांत उत्तर आलं की पूर्वीच्या क्लेममध्ये स्तनाच्या कॅन्सरचं निदान असल्यामुळे प्रस्ताव स्वीकारता येत नाही.

आत्तीने मेल दोनदा वाचला. चष्मा काढला. "मला कॅन्सर झालाय आणि मलाच कुणी सांगितलं न्हाई व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तू कॉम्प्युटरवाली ना? मग शोध की, मी कधी आजारी पडलो ते."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधायचे, हेच माझं पोट. त्यामुळे आत्तीची फाइल डायनिंग टेबलवर पसरली आणि कागद तारखेप्रमाणे लावले.

पहिला कागद ओपीडीचा. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात 'सीए ब्रेस्ट' आणि त्याच्या आधी ठसठशीत प्रश्नचिन्ह. डॉक्टरी भाषेत याचा अर्थ 'कॅन्सर आहे का ते बघायचंय'. निदान नव्हे, शंका. दुसरा कागद कॅशलेसच्या परवानगीचा. त्यात 'प्रोव्हिजनल डायग्नोसिस' म्हणून एक रकाना असतो, तात्पुरतं निदान. तिथं 'सीए ब्रेस्ट' होतं आणि प्रश्नचिन्ह बारीक होऊन रेघेला चिकटलं होतं. तिसरा कागद टीपीएच्या सिस्टिममधून निघालेला. त्यावर नुसता कोड होता, सी-५०. म्हणजे स्तनाचा कॅन्सर. प्रश्नचिन्ह गायब.

फंडा समजून घ्या. जगभरातल्या आजारांना जागतिक आरोग्य संघटनेने कोड दिलेत, त्या यादीला आयसीडी म्हणतात. आपल्याकडच्या क्लेम फॉर्मचा 'पार्ट बी' हॉस्पिटल भरतं, त्यातही आयसीडी-१० च्या कोडसाठी रकाने आहेत. या यादीत शंकेसाठी जागा आहे, बरं का. एन-६३ म्हणजे स्तनातली गाठ, कसली ते अजून ठरलेलं नाही. आत्तीच्या ॲडमिशनच्या दिवशी तोच कोड बरोबर होता. रिपोर्ट आल्यावर तो एन-६४.१, म्हणजे फॅट नेक्रोसिस, असा व्हायला हवा होता. पण कोड टाकणाऱ्यासमोर शब्द होते 'सीए ब्रेस्ट', आणि या शब्दांचा कोड सी-५०. बरं, तो बदलायला नंतर फाइल कुणी उघडलीच नाही. उघडेल तरी कशाला? बिल पास झालेलं होतं.

खरी गोम इथंच आहे. बायोप्सीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि बिल मिटतं डिस्चार्जच्या दिवशी. मे २०२४ मध्ये इर्डाने नियम केला की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळचं अंतिम बिल तीन तासांत मंजूर करायचं. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर ताटकळलेल्या कुणालाही विचारा, नियम झकास आहे. पण मायक्रोस्कोपला ही घाई कळत नाही. पैसे देण्यापुरतं निदान आधी लिहिलं जातं, खरं निदान मागून येतं, तोपर्यंत फाइल बंद झालेली असते.

इन्शुरन्सची फाइल खोटं बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. 'या ॲडमिशनचे पैसे द्यायचे का?' या प्रश्नाचं ती उत्तर देते. 'या बाईला कॅन्सर आहे का?' हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो.

हा लोचा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅन्सरच्या नोंदणीचा 'सीअर' हा सरकारी कार्यक्रम १९७३ पासून चालू आहे. १९९१ मध्ये त्या नोंदी ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या, बिलांशी पहिल्यांदा जोडल्या गेल्या. त्यामुळे एकाच माणसाबद्दल बिल काय म्हणतं आणि रजिस्ट्री काय म्हणते, हे शेजारी ठेवून बघता आलं. तिथल्या अभ्यासकांना कळलेली पहिली गोष्ट म्हणजे एका बिलावरच्या एका कोडवर विश्वास ठेवायचा नाही. शंका म्हणून केलेल्या तपासणीच्या बिलावरही कॅन्सरचा कोड येऊन बसतो. मग त्यांनी युक्त्या काढल्या. तोच कोड काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा आला पाहिजे. किंवा कोडसोबत ऑपरेशन, केमो, रेडिएशन असं काही तरी दिसलं पाहिजे. एवढं करूनही बिलावरून आजाराची स्टेज कळत नाही, कारण सी-५० म्हणजे पहिली स्टेजही आणि चौथीही.

तैवानने वेगळा रस्ता धरला. तिथं १९९५ पासून सगळ्यांसाठी एकच राष्ट्रीय आरोग्य विमा आहे. कॅन्सरच्या पेशंटला त्यात गंभीर आजाराचं सर्टिफिकेट मिळतं आणि त्याला उपचारात स्वतःचा वाटा भरावा लागत नाही. पण ते सर्टिफिकेट मिळवायला पुरावा तपासून घेतात, मुख्यतः पॅथॉलॉजीचा. म्हणून तिथले अभ्यासक साध्या बिलापेक्षा सर्टिफिकेटच्या यादीवर जास्त भरवसा ठेवतात. पैसे देण्याआधी रिपोर्ट मागितला की रेकॉर्ड आपोआप सुधारतं.

"पण मॅडम, सिस्टिम नव्याण्णव टक्के बरोबर असेल तर बास की!" हे आमच्या ऑफिसमधल्या एकाने लंच टाइमला म्हटलं. मी टिश्यू पेपरवर हिशेब मांडला. तुम्हीही मांडा. समजा एका विमा योजनेत दहा हजार माणसं आहेत आणि त्यातल्या पन्नास जणांना खरोखर कॅन्सर आहे. रेकॉर्डने त्यातले पंचेचाळीस पकडले. मस्त. उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांपैकी फक्त एक टक्का लोकांवर चुकून कॅन्सरचा शिक्का बसला. एक टक्का म्हणजे साधारण शंभर. आता यादीत नावं किती? १४५. खरी किती? ४५. म्हणजे नव्याण्णव टक्के निरोगी लोकांना बरोबर ओळखणाऱ्या सिस्टिमच्या यादीतही दर तीन नावांमागे दोन चुकीची. कारण निरोगी माणसंच इतकी जास्त आहेत की त्यांच्यातली छोटीशी चूकही खऱ्या पेशंटपेक्षा मोठी होते. टिश्यू पेपर त्याने खिशात टाकला. बहुतेक बायकोला दाखवायला.

आणि मग शेजारच्या डेस्कवरचा मित्र, जो इतका वेळ नुसताच डबा चिवडत होता, तो बोलला. "त्यातले न पकडलेले पाच जण असतात ना, त्यात आमचे दादा."

त्याच्याकडे वडिलांना दादा म्हणतात. गाव कागलकडचं. आयुष्यभर तंबाखू-चुना. गालाच्या आत जखम झाली, भरेना. तपासायला एक दिवस ॲडमिट केलं, क्लेम झाला, रेकॉर्डला नोंद पडली ती तोंडातल्या जखमेची. तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. पण घरात बहिणीचं लग्न ठरत होतं. "कागदावर कॅन्सर आला तर पाहुणे काय म्हणतील?" दादांनी हट्टच धरला. ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन, रोख पैसे मोजून. आईच्या पाटल्या गेल्या, मित्राचं पर्सनल लोन अजून चालू आहे. दादा आता बरे आहेत, भाकरी कुस्करून दुधातून खातात. पण इन्शुरन्सच्या फाइलला विचारा, ती सांगेल, तोंडात जखम झाली होती. बास.

म्हणजे बघा. आत्तीच्या फाइलीत कॅन्सर आहे, अंगात नाही. दादांच्या अंगात होता, फाइलीत नाही. आणि दोघंही एकाच जिल्ह्याच्या आकड्यात जाणार.

तुम्ही म्हणाल, असेल, आम्हाला काय त्याचं? आहे ना. कोल्हापुरात राहणाऱ्या प्रत्येकाने गेल्या काही वर्षांत एक वाक्य ऐकलंय, "शिरोळकडं कॅन्सर लई वाढलाय." कुणी पंचगंगेच्या पाण्याकडे बोट दाखवतं, कुणी उसावरच्या फवारण्यांकडे, कुणी तंबाखूकडे. या प्रश्नाने त्या भागातल्या लोकांची झोप उडवलीय आणि त्याला खरं उत्तर मिळायला हवं. त्यासाठी आधी नीट मोजलेला आकडा लागतो.

असं मोजायची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीची रजिस्ट्री १९६३ पासून आहे. १९८१ मध्ये आयसीएमआरने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री उभी राहिली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन माणसांशी बोलत, आणि लक्षणं दिसणाऱ्यांना तपासायला दवाखान्यात आणत. रजिस्ट्रीचं काम किचकट असतं. हॉस्पिटलचे कागद, पॅथॉलॉजी लॅबची वही, मृत्यूच्या नोंदी, सगळं एकत्र करायचं. एकच माणूस तीन ठिकाणी आला तर एकदाच धरायचा. तो इथलाच रहिवासी आहे का ते बघायचं. किती निदानं मायक्रोस्कोपखाली पक्की झाली आणि किती नुसत्या मृत्यूच्या दाखल्यावरून कळली, हेसुद्धा वेगळं लिहायचं. म्हणजे आपल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे रजिस्ट्री स्वतःच सांगते.

२०२० साली राष्ट्रीय कार्यक्रमाचा जो अहवाल आला, त्यात लोकसंख्येवर आधारित २८ रजिस्ट्री होत्या. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी, उस्मानाबाद-बीड. कोल्हापूर त्यात नव्हतं. अशा वेळी कुणाचाही मोह होणार की विम्याचं रेकॉर्ड आयतं कॉम्प्युटरमध्ये आहे, तेच मोजू. राज्याची आरोग्य योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने नोव्हेंबर २०१३ पासून कोल्हापुरात आहे. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. एवढ्या वर्षांच्या एन्ट्रीज आहेत. बटण दाबलं की एक्सेल शीट.

पण शीट उघडण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, आपण माणसं मोजतोय की बिलं? केमो दर एकवीस दिवसांनी अशा सहा सायकल झाल्या तर एका बाईच्या सहा एन्ट्री होतात. नुसत्या एन्ट्री मोजल्या तर एका माणसाचे सहा पेशंट. दोन, हे कुणाचे पेशंट? निपाणी-चिकोडीची माणसं कोल्हापुरात येतात, कोल्हापूरची मिरजेला, बेळगावला, मुंबईला टाटाला जातात. हॉस्पिटलच्या पत्त्यावरून मोजलं तर हिशेब चुकणार, राहत्या गावावरून मोजायला हवं. तीन, कोडमागे बायोप्सी आहे का? सरकारी योजनेत कॅन्सरच्या पॅकेजला बायोप्सीचा रिपोर्ट मागतात, म्हणून तिथली नोंद तुलनेने भरवशाची. तैवानचाच फंडा. पण जो माणूस योजनेत आलाच नाही, रोख पैसे भरून मोकळा झाला, तो तिथंही सापडणार नाही.

म्हणून विम्याचं रेकॉर्ड फेकून द्यायचं का? अजिबात नाही. कोणत्या दारावर टकटक करायची हे ते सांगतं. दार उघडून आत कोण आहे ते मात्र माणसानेच बघायचं. शिरोळच्या एखाद्या गावात कॅन्सरचे कोड जास्त दिसले तर तिथं आधी जा, रिपोर्ट मागा, घरी विचारा. शीटवरून थेट हेडलाइन करू नका. आकडा फुगला तर लोक उगाच घाबरतात. कमी दिसला तर 'काही नाही हो' म्हणत फाइल बंद होते. यातलं दुसरं जास्त वाईट.

आता आत्तीचं सांगते. आम्ही भांडलो नाही, कागद गोळा केले. हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टची कॉपी. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं एका पानाचं पत्र, ज्यात अंतिम निदान आणि एन-६४.१ हा कोड स्पष्ट लिहिलेला. आणि जुन्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज, की क्लेमच्या रकमेबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही, फक्त निदानाची नोंद दुरुस्त करून तसं लेखी द्या. पहिलं उत्तर आलं की क्लेम सेटल झालाय, आता बदल होत नाही. दुसऱ्यांदा लिहिलं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही, आपल्या भागाचं ऑफिस पुण्यात आहे, हे त्यात नम्रपणे नमूद केलं. इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवली. सहा आठवड्यांनी दुरुस्तीचं पत्र आलं. तेच पत्र जोडून नव्या कंपनीकडे पुन्हा अर्ज केला आणि पॉलिसी मिळाली.

पत्र वाचून आत्ती म्हणाली, "चला, बरी झालो एकदाची. औषधाशिवाय." मग जरा थांबून म्हणाली, "पण ज्या बाईला लिहिता-वाचता येत न्हाई, तिचं काय गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेतली बाई ती, बरोबर तोच प्रश्न विचारते ज्याचा अभ्यास आपण केलेला नसतो.

तर दोस्तहो, तुमच्यापुरतं एवढं करा. घरातलं कुणी ॲडमिट असेल तर डिस्चार्जच्या गडबडीत पाच मिनिटं काढा आणि समरीवरचं निदान वाचा. नुसतं बिलाचं टोटल बघू नका. शंका असेल तर तिथं शंकाच लिहिलीय ना, हे बघा. बायोप्सी पाठवली असेल तर रिपोर्ट आल्यावर हॉस्पिटलकडून अंतिम निदान लेखी घ्या आणि त्याची कॉपी इन्शुरन्स कंपनीला मेल करा. क्लेम मिटलेला असला तरी. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये, कॉपी घरच्या फाइलीत. पोर्ट करायचं असेल तर आधी जुन्या कंपनीकडून क्लेम हिस्टरी मागून घ्या, म्हणजे नव्या कंपनीआधी तुम्ही ती वाचलेली असेल.

आणि निदान खरंच कॅन्सरचं असेल तर ते लपवू नका. कागदावरून खोडल्याने अंगातून जात नाही. उलट जे पैसे हक्काने मिळाले असते ते जातात. पाहुणे काय म्हणतील याची काळजी दादांनी केली, आणि लग्नात त्याच पाहुण्यांनी जेवणात मीठ कमी असल्याची तक्रार केली. कॅन्सरचं कुणी विचारलंसुद्धा नाही.